गच्चीवरून ब्राझील

१२ नोव्हें., बुध.
तार पुन्हा खाली. शेवग्याची फांदीच मोडली, माझ्या रेडिओच्या एरियलच्या तारेसकट शेजारच्या खैरनार मावशींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मावशी मूळच्या सटाण्याच्या, चिडल्या की अहिराणी सुरू. "हाई काय शे व माय?" दोन चादरी परत धुऊन दिल्या.
संध्या. मला रेडिओ शिकवणारे वाघ काका आले. मोडकी फांदी बघून एवढंच, "शेवग्याला कुणी काही बांधतं का, तेजू?" आणि पिशवीतून नायलॉनची दोरी काढली. म्हणजे घरून निघतानाच अंदाज होता! आता एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं बांबूला. रेडिओच्या स्पर्धेला सतरा दिवस.

१५ नोव्हें.
ओझरहून यायला सात वाजले. आज विमान कारखान्यात, आमच्या शॉपमध्ये, जुने लोक काकांबद्दल बोलत होते. काका रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी विमानाचा रेडिओ अडला की अजून म्हणतात, "वाघ असता तर..." मी अप्रेंटिस, मला काय कळणार. पण माझ्या हौशी रेडिओच्या लायसन्सचा अभ्यास त्यांनीच घेतला, दर रविवारी, सात महिने. सेटही त्यांचाच जुना. वीस वॅट. लोक हजार वॅट घेऊन बसतात.
काकांनी स्वतः मात्र चार वर्षांत माईकला हात लावला नाही. एकदाच सांगितलं होतं, "सूर कळतो गं, शब्द कळत नाहीत." कानातलं यंत्र आहे, पण रेडिओच्या खरखरीत उपयोग नाही म्हणे. नंतर विषय निघाला की तार गुंडाळायला लागतात.

१९ नोव्हें.
सेटवर भयंकर घर्रघर्र. दूरचं काही ऐकूच येईना. माझा संशय खैरनार मावशींच्या नव्या दिव्यांवर. काका छोटा ट्रान्झिस्टर घेऊन निघाले, आवाज कुठे वाढतो ते बघत. मावशींचं घर झालं, जिना झाला, खालचं गिरणीचं मीटर झालं. पाऊण तास. शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात, आईच्या मोबाइलच्या चार्जरजवळ ट्रान्झिस्टर किंचाळला. आई म्हणाली, "पन्नास रुपयांत मिळाला होता." चार्जर बाद. मी मावशींवर आळ घेत होते, लाज वाटली.

२८ नोव्हें., शुक्र.
उद्या स. साडेपाचला सुरू, सोमवारी स. साडेपाचपर्यंत. जितके देश, जितकी माणसं, तितके गुण. एकमेकांची कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं अक्षरी नाव, आणि अनुक्रमांक बरोबर ऐकायचे, बास.
आई : किती जणांशी बोलशील?
मी : पन्नास झाले तरी खूप.
मनात मात्र दक्षिण अमेरिका. बाकी खंड लागतील एखादवेळेस. ती नाशिकहून वीस वॅटवर काकांनाही कधी लागली नाही.

२९ नोव्हें., शनि.
बोटं गारठलेली. पहिला जपानी. माझा आवाज इतका कापला की त्यानं दोनदा विचारलं. मग तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला. झालं!! एक!
दुपारपर्यंत २३. जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया. तीननंतर युरोप ऐकू यायला लागला, मोठ्या स्टेशनांच्या गर्दीत माझं कोण ऐकतंय. काकांचा सल्ला : गर्दीत ओरडू नको, सगळे दमले की मग बोल. ते लागू पडलं.
आई चहा घेऊन वर. "आता कोण?" फिनलंड. "तिकडे थंडी असेल ना, विचार की." आई, स्पर्धा चालू आहे!
रात्रीपर्यंत ५८. घसा गेला.

३० नोव्हें., रवि.
आजचं नीट लिहायचं.
पावणेसहा, ऊन उतरलेलं. आफ्रिकेचे दोन मिळाले होते. तेवढ्यात खरखरीच्या खाली, अगदी तळाशी, ब्राझील. येतोय, बुडतोय. मी हाका मारतेय, तो दुसऱ्यांनाच उत्तर देतोय. सहा वेळा. रडकुंडीला आले.
काका शेजारी स्टुलावर. त्यांना त्याचं एक अक्षर कळत नव्हतं. पण स्पीकरला कान लावून डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "थांब. हा दर आठ-नऊ सेकंदांनी वर येतोय. मी हात केला की बोल." मोजत राहिले. हात केला. मी बोलले.
ब्राझीलनं माझी कॉलसाईन म्हटली! शेवटचं अक्षर सोडून. ते चुकवलं. मी दुरुस्त केलं, तीनदा. त्यानं काहीतरी म्हटलं आणि गेला. खरखर. परत आला तेव्हा दुसऱ्या कुणाशी बोलत होता.
यादीत ब्राझील लिहायला मी पेन उचललं. काकांनी विचारलं, "शेवटचं अक्षर बरोबर म्हणाला का?"
मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
"मला नाही कळलं, माझे कान असे. तूच सांग."
हो म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. पडताळून बघायला त्यांच्याकडे काही नव्हतं, फक्त माझा शब्द.
"नाही," म्हटलं.
"मग नको लिहू."
राग आला. त्यांचा आणि स्वतःचा. खाली जाऊन तोंड धुतलं. परत आले तर काका तिथेच, बोटानं स्टुलावर ठेका धरून. तो पुन्हा सापडतो का बघत होते. नाही सापडला.
एकूण ९१. दक्षिण अमेरिका सोडून पाचही खंड.

१ डिसें., सोम.
यादी पाठवली. निकाल काही महिन्यांनी. बसमध्ये डोळा लागला, ओझर चुकता चुकता वाचलं.
डोक्यात ब्राझील कमी आणि काका जास्त. शब्द ऐकू येत नसताना आवाजाची भरती-ओहोटी मोजणारा माणूस. मला चांगले दोन कान आहेत आणि मी नुसती ओरडत होते.

४ डिसें.
काकांच्या घरी गेले. धीर करून विचारलं, "तुम्ही बोला, समोरचा काय म्हणतो ते मी पाटीवर लिहीन."
"लोकांना थांबवून ठेवायचं, परत परत विचारायचं, बरं नाही वाटत."
"तुम्ही मला सात महिने परत परत सांगितलंत."
हसले. हो म्हणाले नाहीत. चहा मात्र दोनदा दिला.

७ डिसें., रवि.
संध्या. सव्वापाचला जिन्यावर पावलं. काका. इस्त्रीचा शर्ट. माझी खुर्ची सरकवली, बसले. माईक हातात घेतला, त्याची वायर सरळ केली.
मग बोलले. असा आवाज मी त्यांचा ऐकलाच नव्हता. सावकाश, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. कुणी आहे का, नाशिकहून बोलतोय. आई दारात येऊन उभी राहिली.
बटण सोडलं. मी पाटीवर खडू धरून. नुसती खरखर.
दुसऱ्यांदा. काही नाही.
मी म्हटलं, काका, आज बँड मेलेला दिसतोय, दूरचं कुणीच येत नाही.
त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "अजून एकदा," म्हणाले, आणि बटण दाबलं.