नकली घड्याळ आणि मामांचे कान

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (डावा हात न हलवता घातलाय. कारण पुढे कळेलच.) तुमचे गुडघे, मामीचं पित्त आणि दुकानाचं अडकणारं शटर, तिघांच्याही तब्येती ठीक असाव्यात. माझी उत्तम आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, म्हणून फोन न करता लिहितोय. (फोनवर तुम्हाला ऐकूही आलं नसतं. तेच सांगायचंय.)

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी कामावर खूश होऊन ऑटोमॅटिक घड्याळ दिलं, असं मी तुम्हाला छाती फुगवून सांगितलं होतं ना? कुणी काही दिलेलं नाही. मीच घेतलं, आणि ते नकली आहे, बड्या कंपनीची हुबेहूब नक्कल. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा मी भाचा, आणि नोकरी लागल्यावर तुम्ही दिलेलं चावीचं घड्याळ कपाटात टाकून हे मिरवत होतो. लाज वाटते हो. बरं, नकली तर नकली, गप्प तरी बसावं! हात हलला की चावी देणारं आतलं वजन घर्रर्र करून फिरतं. मी चहात साखर ढवळली तरी लोक मिक्सर कुठे लागलाय म्हणून बघतात. भरवशाचं म्हणाल तर जरा हातवारे केले की वीस मिनिटं पुढे, आणि रविवारी मी आडवा झालो की तेही झोपतं. (बायको म्हणते, घरातल्या माझ्या कामाची इतकी खरी नोंद आजवर कुणी ठेवली नव्हती.)

आता माझी नोकरी कसली, तर कान तपासायची. बंद खोली, जाड भिंती, पेशंटच्या कानावर हेडफोन. समोर बसलेला मी बटण फिरवून बारीक आवाज सोडतो, ऐकू आला की पेशंटने हात वर करायचा. मी डावखुरा, त्यामुळे बटण घड्याळाच्याच हाताने फिरतं. हेडफोन असूनही आजीबाई म्हणतात, "अरे, त्या पंख्याला तेल घाल की." म्हणून मला सवयच लागली, आवाज सोडला की झटकन उजव्या हाताने घड्याळ दाबून धरायचं.

गेल्या महिन्यात मामीने तुम्हाला ओढून आणलं. तुम्ही प्रत्येक आवाजाला हात वर केलात, एकही चुकला नाही. पण त्या घरघरीबद्दल चकार शब्द काढला नाहीत, आणि तेही तुम्ही, ज्यांना घड्याळ नुसतं कानाला लावून त्याचं दुखणं कळायचं! निघताना तुम्ही माझं मनगट धरलंत, हलवलंत, कानाला लावलंत आणि म्हणालात, "वा! किती शांत चालतंय रे. अस्सल आहे." मामा, तुम्ही आवाजाला नाही, माझ्या घड्याळ दाबण्याला हात वर करत होतात. (ऐकू येत नाही हे कळलं तर मामी दुकान बंद करायला लावेल, ही तुमची भीती मला कळते.) हे मला तिथेच दारात कळलं होतं. पण ते बोलायचं तर घड्याळ नकली आहे हेही सांगावं लागलं असतं. तुमच्या तोंडचं 'अस्सल' मला सोडवेना, आणि मी मामीच्या हातात 'कान उत्तम' असा रिपोर्ट ठेवला.

आता आई सांगते, मामीने तुमच्याशी बोलणं टाकलंय. कान उत्तम असून पन्नास हाकांना मान वर करत नाहीत, म्हणजे मुद्दाम करतात, असं म्हणते. चूक माझी, आणि जेवताना गप्प बसता तुम्ही दोघं. मला घास जात नाही.

तुमचा नालायक भाचा

ता. क. मंगळवारी सकाळी दहाला पुन्हा तपासणीला या. मी तुमचंच चावीचं घड्याळ घालणार आहे. दोन दिवस चावी देतोय, चालत नाही. येताना भिंग आणा.

ता. क. २. पाकिटावर मामांचं नाव असलं तरी तुमच्या घरातलं प्रत्येक पत्र आधी मामी फोडते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा मामी, हे पत्र तुलाच आहे. ते मुद्दाम करत नाहीत गं, त्यांना ऐकूच येत नाही. हाक मारायचं सोडू नकोस. फक्त समोर येऊन मार.