मधली कळी

३ डिसेंबर

पुन्हा ह्यांचंच नाव! पुष्पप्रदर्शनाचा फॉर्म आला तो आधीच भरलेला. सचिवाने गेल्या वर्षीचं नाव उतरवलं, की झालं त्याचं काम. मी पेन घेतलं, ह्यांच्या नावावर काट मारली आणि वर माझं लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

अकरा वर्षं! अकरा चषक बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, आणि सगळ्यांवर ह्यांचं नाव. डेलियाचे कंद मी लावते, माती मी कालवते, गोगलगाई मी वेचते. हे चषक पुसतात. तेवढं मात्र अगदी मन लावून हं!

"घरातलंच तर आहे," हे म्हणाले. "तुझं काय नि माझं काय!"

मग माझं लिहू या की.

४ डिसेंबर

सचिवाचा फोन. "काकू, लोक सरांचा डेलिया बघायला येतात हो." हे हेडमास्तर होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली अजून सर म्हणते. मी सरांच्या मिसेस. म्हटलं, एका घरातून एकच फॉर्म घेता ना? मग तो माझा. नसेल घ्यायचा तर कुंड्या घरीच राहतील. आणि फोन ठेवून दिला. आधी ठेवला तो मीच.

१२ डिसेंबर

ह्यांचा अबोला. जेवताना "मीठ" एवढाच शब्द. कुंड्यांवरून जाताना वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. एक दिवस आपटणार आहेत.

लेकीचा फोन – "आई, या वयात हे काय नवीन काढलंस? बाबांना किती लागलंय!" लागू दे. मला अकरा वर्षं लागत होतं, तेव्हा फोन नाही आला कुणाचा.

२९ डिसेंबर

कळ्या धरल्या!! शेंड्याला तीन-तीन. मधली जरा ठसठशीत, दोन बाजूंना दोन वाटाण्याएवढ्या. बाजूच्या दोन्ही नखाने खुडायच्या, म्हणजे सगळा जोर मधलीत जातो आणि फूल ताटाएवढं होतं. सगळं गुपित एवढंच. चषकांच्या आधी एक वर्ष खुडायला जीव झाला नाही, तिन्ही ठेवल्या, तर फुलं आली बटणाएवढी! आता नख कचरत नाही.

मी खुडत होते तेव्हा हे फिरायला गेले होते. अकराही वर्षं फिरायलाच गेलेत.

९ जानेवारी

कार्यक्रमपत्रिका छापून आली. तिसऱ्या ओळीत – 'डेलियाच्या कळ्या कशा विरळाव्यात: सरांचं प्रात्यक्षिक'.

मी हसले ते हसलेच, पदर तोंडात कोंबावा लागला. सचिवाने ह्यांना परस्पर विचारलं, आणि हे हो म्हणाले! ह्यांना कळी आणि देठ यातला फरक सांगायला लागेल.

विचारा ना मला. एकदा विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

१५ जानेवारी

ह्यांनी वाचनालयातून बागकामाचं पुस्तक आणलंय. मी खोलीत शिरले की वर्तमानपत्राखाली सरकवतात, चोरून सिगारेट ओढणाऱ्या पोरासारखं. डेलियाचं पान काढून मी उभ्या उभ्या वाचलं काल. त्यात कंद, माती, पाणी सगळं आहे. कळ्या खुडण्याबद्दल अक्षरही नाही!

तरी आपणहून सांगणार नाही. चहा तेवढा जास्तीचा दिला.

२३ जानेवारी

आज कुंडी मांडून आले. फूल – काय सांगू! गडद तांबडं, पाकळीचं टोक न् टोक सरळ. पुढे पांढरं कार्ड आणि त्यावर माझं नाव. टंकलिखित! चार वेळा वाचलं. नणंद म्हणाली, "अगंबाई, दादाचं नाव राहिलं वाटतं." म्हटलं, राहिलं नाही, काढलं.

नियम कडक आहे. एकदा मांडली की परीक्षक बघून जाईपर्यंत कुंडीला हात लावायचा नाही. हलवली की बाद. परीक्षक उद्या दुपारी येणार.

२४ जानेवारी

सकाळी प्रात्यक्षिक. हॉल भरलेला, नवशिके वह्या उघडून बसलेले. सचिवाने कळ्यांनी लगडलेली एक कुंडी टेबलावर ठेवली. ह्यांनी माइक घेतला, शाळेतला आवाज काढला – "नीट बघा." आणि मधली कळी कापली!

सगळ्यांनी लिहून घेतलं! सर बोलले म्हणजे बरोबरच असणार. ह्यांनी दुसऱ्या फांदीला कात्री लावली.

मी उठले. "चूक आहे. मधली ठेवायची, बाजूच्या काढायच्या."

हॉलमध्ये खसखस पिकली. "काकू, प्रश्न शेवटी घेऊ," सचिव म्हणाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बघून कळलं मला, त्यांनाही कळलंय. तरी माइकमध्ये काय बोलावं? "तसंही करतात काही जण."

काही जण!

मी सरळ स्पर्धेच्या टेबलाशी गेले आणि माझी कुंडी उचलली. "काकू, हलवलीत तर बाद व्हाल!" सचिव मागून धावला. म्हटलं, होऊ दे. छातीशी धरून स्टेजवर नेली, ह्यांच्या कुंडीशेजारी ठेवली आणि माइक न घेता सांगितलं, "हे फूल मधल्या कळीचं आहे. अकरा वर्षांची सगळी फुलं मधल्या कळीचीच होती. बाजूच्या खुडायचे मी."

बाद झाले. कार्ड काढून घेतलं. चषक गेला कुणा एका डॉक्टरांना, ज्यांचा डेलिया नुसता कापडी फुलासारखा! घरी येऊन खूप रडले. चषकासाठी नाही. कार्ड तरी राहू द्यायचं होतं त्यांनी.

हे आल्यापासून पलंगावर भिंतीकडे तोंड करून.

२५ जानेवारी

सकाळी बेल वाजली. हे दार उघडायला गेले. बाहेर नऊ-दहा माणसं, कालचीच, हातात वह्या. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "तुझ्याकडे आलेत."

म्हटलं, बसवा त्यांना. आणि वही घेऊन तुम्हीही बसा.

बसले.