पुढचा नंबर कुणाचा

आबा, तुमचा तो बोदवडचा लाडका विद्यार्थी परवा धुळ्याला आमच्या कॉलेजात भाषण देऊन गेला. विषय तुम्ही ओळखालच. कॉम्प्युटरला प्रोसेसर एक, त्यावर चढायला टपलेले प्रोग्राम ढीगभर, तर पुढचा नंबर कुणाचा हे ठरवणारा नियम कर्नलच्या, म्हणजे सगळा कारभार हाकणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, आत असावा की बाहेर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हा माणूस अजून तुमच्याच विषयावर जगतोय. आभार मानायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं, कारण तिथं तो विषय मी शिकवते. सकाळपासून माझ्या पोटात दुखत होतं. बोलण्यापुरतं नव्हे, खरंच दुखत होतं.

जळगावच्या घरातला रविवार आठवतो. सकाळच्या पॅसेंजरनं तो उतरतो आणि थेट स्वयंपाकघरात येऊन बसतो, जसं काही त्याचंच घर. आई एकीकडं भरताची वांगी भाजतेय, एकीकडं भाकरी थापतेय. वर्गात तुम्ही माझे सर, घरी आबा. त्याचे मात्र दोन्हीकडं सरच, आणि तरी तुमच्या समोरचा पाट त्याचा. तो म्हणतो, "सर, काकूंनी भाकरी फक्त भाजायची आणि द्यायची. आधी कुणाला, हे ताटावरच्यांनी ठरवावं. कुणाला घाई आहे ते चुलीला काय कळणार?" तुम्ही उसळता. "थांब, थांब, असं कसं? दर भाकरीला ती विचारत बसली तर भाजणार कधी?" तो हटत नाही. काम बदलायची यंत्रणा आत ठेवा, नियम तेवढा बाहेर काढा, म्हणजे ज्याला जसा हवा तसा बदलता येईल. तुम्ही त्याला गाढव म्हणता, हातातला घास तसाच धरून पुन्हा मुद्दा मांडता. शेवटी आई ओरडते, "आते बठ्ठा गुपचूप जेवा, भाकर थंडी व्हई राहिनी!" तेवढ्यापुरते तुम्ही गप्प बसता आणि पाणी पिऊन पुन्हा सुरू होता.

आणि मी? मीही विचारलं होतं की तुम्हाला. तुम्ही अंगणात सायकल पुसत होतात. मी म्हटलं, आबा, नियम बाहेर नेला तर तोही एक प्रोग्रामच झाला ना? मग त्याचा स्वतःचा नंबर कोण लावणार? तो अडकून पडला तर सगळंच ठप्प! कितीतरी दिवस डोकं खाजवून काढलेला प्रश्न होता तो. तुम्ही फडकं पिळलंत, म्हणालात, "बरोबर आहे, बेटा," आणि चेन पुसायला लागलात. झालं, संपला विषय. लोकांच्या पोरी बापाच्या कौतुकाला आसुसतात, मला ते उठता-बसता मिळत होतं. पण त्याला गाढव आणि मला बेटा, हे पाहून माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तरी मला गाढव म्हणायचं होतंत की हो!

परवा तो स्टेजवरून सांगत होता की लिनक्समध्ये आता हा नियम खरंच बाहेर लिहिता येतो आणि चालत्या मशीनवर बदलता येतो. पोरं टाळ्या पिटत होती. वर म्हणतो कसा, "हे मला माझ्या सरांच्या स्वयंपाकघरात सुचलं." आमच्या स्वयंपाकघरात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, आभाराचं विसरले आणि तोच जुना प्रश्न भर सभेत फेकला. बाहेरचा नियमच अडकला तर?

तो हसला. म्हणाला, "नियम लिहायचा बाहेर, पण कर्नल तो तपासूनच आत घेतो. आणि त्याच्यामुळं कुणी फार वेळ ताटकळत राहिलं, तर कर्नल त्या नियमालाच हाकलून देतो आणि आपला नेहमीचा नियम लावतो." मग माइक बाजूला ठेवून खाली आला आणि हळूच बोलला, "हा तुझाच प्रश्न ना? सर मला स्टेशनवर सोडायला यायचे तेव्हा दर वेळी हाच विचारायचे. म्हणायचे, माझ्या पोरीनं मला गप्प केलंय, तू उत्तर आण, नाहीतर पुढच्या रविवारी येऊ नकोस."

मला आनंद व्हायला हवा होता, आबा. नाही झाला. उलट जास्तच जळले. म्हणजे माझा प्रश्न तुम्हाला इतका लागला होता, आणि तो घेऊन तुम्ही स्टेशनपर्यंत त्याच्याशी भांडत गेलात? मी घरात होते, शेजारच्या खोलीत होते! हाक मारली असती तर उपाशीपोटी भांडले असते तुमच्याशी. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला दुखवायचं कशाला. पण माझ्या वाटचं भांडण तो जेवून गेला, आणि ते आता मला कुणी वाढणार नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मलाही ठाऊक आहे. फक्त एक सांगते. त्या प्रश्नाचं उत्तर मला आधीच येत होतं. मागच्याच महिन्यात मी ते वर्गात शिकवलं होतं. तरी उठून विचारलं, ते तुमच्या तालमीतल्या कुणीतरी एकदा माझ्यावर आवाज चढवावा म्हणून. त्यानं अगदी आदरानं समजावून सांगितलं.