गाडी थंड असताना आणा

अव्वा,

मी गाडी घेतली. चारचाकी आहे, पण दारं दोनच. हे ऐकून तू पहिला प्रश्न कोणता विचारला असतास ते मला ठाऊक आहे. "आन् मागचं मानूस कुठनं चढायचं रं तम्मा?" पुढची सीट वाकवायची, अंग चोरून आत शिरायचं आणि गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं. तुझी सून म्हणते, ह्यापेक्षा बैलगाडीत माणूस ऐसपैस बसतं. तुला जाऊन सात वर्षं झाली. मधल्या काळात तुला कळवावं असं पुष्कळ घडलं. तुला नात झाली, आम्ही घर बदललं, मला बढती मिळाली. तेव्हा कधी तुला दोन ओळी लिहाव्यात असं सुचलं नाही, आणि आज शनिवारी दुपारी एका जुन्या गाडीपायी वही उघडून बसलो आहे. उद्या सकाळी हिच्या माहेरी, वारणानगरला जायचं ठरलंय. पोरीनं कालपासून पिशवी भरून ठेवली आहे. आणि मला मात्र जाऊ नये असं वाटतंय.

आधी गाडीबद्दल सांगतो, म्हणजे माझं डोकं फिरलं नव्हतं हे तुला पटेल. सिंगापूरला नोकरी करून परत आलेल्या एका डॉक्टरनं ती सोबत आणली होती. त्याच्याकडून उचगावच्या एका व्यापाऱ्यानं घेतली आणि त्या व्यापाऱ्याकडून मी. रंग लाल, पण टपावरची लाली उडून विटकरी झाली आहे. बटण दाबलं की पुढच्या पत्र्यातून दोन दिवे झोपेतून उठल्यासारखे वर येतात. तुझ्या नातीला ह्याचं इतकं कौतुक की भर दुपारी चार-चार वेळा दिवे लावायला लावते. बसायला इतकी खाली की शेजारच्या सायकलवाल्याचं पायडल डोळ्यांसमोर फिरतं. रंकाळ्यावर थांबलो की माणसं जमतात. परवा एक जण गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाला, "पावणं, झ्याक हाय की! वरचा मजला कवा बांधणार?" सगळे हसले, मीही हसलो. पण वारणानगरच्या वाटेवर वाघबीळचा घाट लागतो, तिथं ती काय आहे ते कळतं. दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचं, गाडी रस्ता धरून ठेवते, जराही कलत नाही, आणि वळण सुटताना मनगटाच्या एका झटक्यात तिसरा पडतो. पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा वर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी मोठ्यानं हसतो आहे. पस्तिशीचा बाप्या, गाडीत एकटा, खो खो हसतोय. लहानपणापासून मला अशी गाडी हवी होती आणि ती मिळाली, एवढं सरळ सुख मला फार वेळा झालेलं नाही.

पण ते हसू पुढच्या वळणापर्यंत टिकत नाही. कान लगेच इंजिनाकडं जातात. काळजी करायचा गुण मी तुझ्याकडून घेतला आणि त्यात माझी स्वतःची भर घातली. त्यातून माझी नोकरी कसली, तर फौंड्रीत तपासणीची. ओतून आलेल्या लोखंडी नगावर छोटी हातोडी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर आहे, बाजूला काढ. तिथं मी कुणाची भीड ठेवत नाही. लोक मागून मला खडूस म्हणतात, आणि मला ते आवडतं.

तुझं हे काम हातानं चालायचं. विरजण लावताना दुधात करंगळी, तापाला कपाळावर तळवा. घरात थर्मामीटर होता, पण तो पेटीत राहायचा. मी बारावीत असतानाची ती दुपार तुला आठवते का? अप्पा जेवून पडले होते. त्यांची स्कूटर मी हळूच ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेली, तिथं किक मारली आणि शिये पुलापर्यंत जाऊन आलो. येताना पुन्हा बंद करून ढकलत आणली. चाकावरची धूळ पुसली. अप्पा लावायचे तसं हँडल डाव्या अंगाला वळवून ठेवलं आणि पुस्तक उघडून कट्ट्यावर बसलो. तू भांडी घासून बाहेर येतेस. हात अजून ओलेच आहेत. माझ्याकडं बघत नाहीस, सरळ स्कूटरपाशी जातेस आणि इंजिनावरच्या पत्र्यावर तळवा ठेवतेस.

"कुठं गेलतास?"

"कुठं न्हाई. अभ्यास करत हुतो की."

तू आलीस, माझं मनगट धरलंस, ओढत नेऊन माझा पंजा त्या पत्र्यावर दाबलास. चटका बसला. "ह्ये काय म्हणतंय बघ," तू म्हणालीस. "लोखंड तुज्यावानी शिकलेलं न्हाई तम्मा. त्याला खोटं बोलाय येत न्हाई." आत अप्पा खोकले, उठायची वेळ झाली होती. मी रडायच्या बेतात. आणि मग तू काय केलंस? दोरीवरचा तुझ्या जुन्या इरकलीचा तुकडा घेतलास, बादलीत बुडवलास, आणि त्या पत्र्यावर पसरलास. तो सुकत आला की पुन्हा भिजवायचीस. अप्पा चहा पिऊन बाहेर आले तोवर पत्रा गार झाला होता. ते दुकानाला गेले. तू माझ्याशी दोन दिवस शब्दानं बोलली नाहीस, पण अप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या पुण्यतिथीला मला दरवर्षी हे आठवतं, पण मी कुणाला सांगत नाही.

आता उचगावचं सांगतो. श्रावणातली सकाळ, साडेआठ वाजले असतील. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, ऊन अजून अंगणातसुद्धा उतरलेलं नाही. तो व्यापारी मोठा गोड बोलणारा. "पावणं, चार दिस झालं, किल्ली फिरवल्याली न्हाई. धूळ बघा की ही." धूळ होती खरी. ही दाराशी त्याच्या बायकोशी बोलत चहा पीत होती. मी दिवे बघायला वाकलो आणि आधाराला म्हणून बॉनेटवर हात ठेवला. ऊब होती, अव्वा. शेवटची भाकरी उतरल्यावर थोड्या वेळानं तव्याला राहते तेवढी. गाडी चार दिवस उभी असती तर तो पत्रा श्रावणात गार पडायला हवा होता. म्हणजे आम्ही यायच्या आधी त्यानं ती चालू करून ठेवली होती, आणि थंड इंजिनाचं काहीतरी त्याला आमच्यापासून लपवायचं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. माझं पोटच त्यावर चालतं. फौंड्रीत असतो तर तिथल्या तिथं खडूनं फुली मारली असती. पण मी हात काढून घेतला. कुणी बघितलं का म्हणून मागं वळून बघितलं. "किल्ली द्या," म्हणालो. गाडी एका चावीत चालू झाली, मांजर घुरघुरावं तशी. ही लांबून म्हणाली, "बघितलंसा न्हवं नीट?" मी म्हणालो, "बघितलं."

घरी हिनं बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी एकटाच खाली गेलो आणि किल्ली फिरवली. टक टक टक टक. आत बसून कुणीतरी छोटी हातोडी मारत असल्यासारखं. चार-पाच मिनिटं चालला तो आवाज. मग इंजिन तापलं तसा विरत गेला आणि नाहीसा झाला. मी स्टिअरिंगला धरून बसून राहिलो. आवाज थांबल्याचं मला इतकं बरं वाटलं की जणू रोग बरा झाला. त्या दिवसापासून मी रोज सहाला खाली जातो. हिला वाटतं, फिरायला जातो. मी जातो कुठं? गाडीत बसतो, चालू करतो, टकटक थांबेस्तोवर ऐकतो, बंद करतो. दिवसा कुठंही जायचं असलं की आधी खाली उतरून पुन्हा हेच करतो, मग ही येते, बसते, गाडी घुरघुरते. दोन महिने झाले. उचगावच्या त्या माणसानं एक सकाळ केलं, ते मी रोज करतो आहे.

उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवायला गेलो होतो. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडं बघून हसला. "गरम इंजिन काय बोलणार, पावणं? थंड असताना आणा. रातभर हितं ठेवा, सकाळी मी चालू करतो. मग सांगतो पोटात काय हाय ते." मी म्हटलं, आणतो. अजून नेलेली नाही. ह्या गाडीचे भाग इकडं मिळत नाहीत. एकदा इंजिन उघडलं की ते पुन्हा जुळेल ह्याची खात्री कोण देणार? आणि न उघडता पोरीला मागं बसवून वाघबीळ चढायचं? रात्रभर हाच हिशेब. कधी वाटतं काही नसेल, जुन्या इंजिनाची खोड असेल. कधी वाटतं, घाटात आतलं काहीतरी तुटून गाडी जागच्या जागी अडकेल, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर येत असेल. तिथवर पोचलो की उठून पाणी पितो.

गुरुवारी सकाळी ही अचानक खाली आली. मी नुकतीच गाडी बंद करून दार लावत होतो. हिनं सहज बॉनेटवर हात ठेवला, अगदी तू ठेवायचीस तसा, पाची बोटं पसरून. लग्नानंतरची दोन वर्षं ती तुझ्या हाताखाली होती, त्यात काय काय शिकली कोण जाणे. "गरम हाय की. कुठं गेलतासा?" मी म्हणालो, "कुठं न्हाई." आणि अव्वा, ह्या खेपेला ते खरं होतं. मी कुठंच गेलो नव्हतो. ती हसली. "एकट्या एकट्यानं फिरून येतासा व्हय? आता मलाबी न्या. आयतवारी वारणेला जाऊया." मी तिला तसंच समजू दिलं. चोरून फिरणारा नवरा तिला गोड वाटला, आणि मलाही तो बरा वाटला.

उद्या सकाळी मी खाली जाणार नाही. हिला घेऊनच जाईन आणि तिच्यासमोर थंड गाडी चालू करीन. हे तुला लिहून ठेवलं, म्हणजे मोडता येणार नाही.

रविवार, संध्याकाळ.

गेलो. तिला घेऊनच खाली उतरलो, तिचा हात धरून गार बॉनेटवर ठेवला. "आता ऐक," म्हणालो आणि किल्ली फिरवली. टक टक टक टक. तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना, मी आपला घड्याळाच्या काट्याकडं बघत बसलो. ती खिडकीशी वाकली.

"ह्यो आवाज व्हय? ह्यो मला रोज ऐकू येतोय."

"रोज?"

"सैपाकघराची खिडकी कुठं हाय? तुमच्या डोसक्यावर. सहाला मी च्या ठेवते आन् तुमचं टकटक सुरू. मला वाटलं, सांगशीला कवा तरी. गुरुवारी मुद्दाम इचारलं, तरीबी न्हाई."

दोन महिने मी तिच्या खिडकीखाली बसून तिच्यापासून तो आवाज लपवत होतो. खिडकी मी बघितलीच नव्हती, माझं सगळं लक्ष इंजिनाकडं. ती रागावली नाही, ह्याचंच मला जास्त लागलं. म्हणाली, पोरीला ह्यात घेऊन घाट चढायचा न्हाई, आणि गाडी आज मिस्त्रीकडं टाकायची. मी ती हळूहळू उद्यमनगरात नेली. रविवार असूनही म्हातारा दुकानात होता. त्यानं किल्ली घेतली, उद्या सकाळी ऐकतो म्हणाला. गाडी दुरुस्त होईल की भंगारात जाईल, उद्या कळेल. मग आम्ही स्टँडवर जाऊन एसटी धरली. पोरगी अर्ध्या वाटेपर्यंत फुगून बसली होती. वाघबीळची वळणं आली तसा माझा डावा हात आपोआप गिअरसाठी हलला. हिनं तो बघितला आणि हसून स्वतःच्या हातात धरला.

तेव्हाच तिनं विचारलं. सहज विचारलं, खिडकीबाहेर बघत. "घेताना आवाज न्हवता व्हय ओ?"

मी म्हणालो, "न्हवता."

ते खरं आहे, अव्वा. त्या सकाळी आवाज नव्हता. इंजिन गरम होतं.