जावेच्या नावाने सात प्रश्न

४ फेब्रुवारी
सव्वा वर्ष बंद असलेली पाळी आज परत सुरू. धाकटी जाऊ मालू माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तिची आताच अडखळतेय. माझी मात्र परत आली. इतक्या वर्षांचे उपास देव विसरला नाही. कोणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते.
देवघराकडे फिरकायचं नाही. मालूला सांगितलं, कंबर धरलीय, दिवा तू लाव. तिला काही कळलं नाही.

६ फेब्रुवारी
शी. आरोग्य केंद्राची आशाताई, ती दर्शना, भर ओटीवर, हे पेपर वाचत बसलेले, आणि ही रजोनिवृत्तीचं पत्रक वाटते. वर विचारते, काकू, घाम फुटतो का? म्हटलं, आमच्याकडे तसलं कोणाला नाही. ह्यांनी पेपरातून डोकं काढून सांगितलं, थंडीतही रात्रभर पंखा पाचवर असतो. ह्यांना कोणी विचारलं होतं?
पत्रकाचा कागद चांगला जाड. मसाल्याच्या डब्याखाली घातला.

९ फेब्रुवारी
अजून थांबलं नाही. जुन्या सुती साडीचे तुकडे संपत आले. तरुणपणी असंच असायचं बहुतेक. आठवत नाही.
डबा उचलून पत्रक वाचलं. केवळ मालूच्या काळजीने. शिबिर मंगळवारी पेणला, गुरुवारी रोह्याला. पेणला आमचं अख्खं भजनी मंडळ असणार. रोह्याला जाईन. ह्यांना सांगितलं, देवदर्शन. सात प्रश्न लिहून काढले, सगळे मालूच्या नावाने.

१२ फेब्रुवारी, रोह्याहून आल्यावर
किळस आली. सगळ्या एकाच सतरंजीवर. वाडीवरची कमळी, मिठागरातली विधवा गोदूबाई, एक बिनलग्नाची शिक्षिका. दोघींचे तर नवरेही. डॉक्टरीणबाई माइकवर नको ते शब्द बोलतात आणि बायका हसतात. मी कोपऱ्यात खुर्ची मागून घेतली.
कमळी उभी राहून म्हणाली, "माझा वरीसभर बंद व्हता, मंग परत आला. मी लगेच दाखवला. लाजून काय व्हनार?"
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर केलंस. वर्षभर बंद राहून परत दिसलं तर वाट बघायची नाही, तपासून घ्यायचं.
देवाची कृपा असेल तर? हे माझ्या सात प्रश्नांत नव्हतं. हात वर करणार, तेवढ्यात मागून आवाज आला.
"मोठ्या जावेसाठी विचारतेय. आठ दिवस झाले, देवाला दिवा नाय लावला तिने. आणि ती काय उगाच दिवा सोडणारी नाय."
मालू. त्याच गाडीने आलेली, मागच्या डब्यातून. कोण ती जाऊ म्हणून सगळ्या माना वळवून शोधायला लागल्या. मीही शोधलं.

१३ फेब्रुवारी
दवाखान्यात जाणार नाही. ठरलं. मालूशी बोलायचं नाही, हेही ठरलं.

१६ फेब्रुवारी
मालू सकाळीच रिक्षा घेऊन दारात. एकटीला दवाखान्याची भीती वाटते म्हणाली. थोरली म्हणून सोबत जावं लागलं.
केसपेपरवर नाव माझं. वयही खरं घातलेलं. मला आत ढकलून ही बया बाहेर बाकावर बसली.
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मी हळूच विचारलं, म्हणजे शरीर परत तरुण झालं, असं काही असू शकतं ना? त्या हसल्या नाहीत. नाही, एवढंच म्हणाल्या, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.
परवा सोनोग्राफी. मालूला बरोबर न्यायला हवं. घाबरते बिचारी.