एक नट बाकी

आबा, तुझा ट्रक चालू झाला. एका सेल्फला नाही. बॅटरी उसनी आणली होती आणि डिझेलच्या नळीत हवा अडकली होती, ती काढता काढता हात भरून आले. पण झाला. आधी पांढरा धूर आला, मग काळा, मग नुसता आवाज. हे ज्याला सांगावं असं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून तुला लिहितेय. दादाला सांगता येत नाही. का, ते पुढे येईलच.

तुला अरेतुरेच करणार. भिवंडीच्या शाळेत गेल्यावर मला कळलं की बाकीच्या मुली बापाला अहोजाहो करतात, तेव्हा मी आठवडाभर तुला ‘तुम्ही’ म्हणून पाहिलं होतं. तुझे कान कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटाने खाल्लेले. अर्धं ऐकू यायचं, अर्धं नाही, आणि ‘तुम्ही’ ऐकू आलं की तू मागे वळून बघायचास, कोण पाहुणा आला म्हणून. मग मी तो नाद सोडला.

आपल्या गावात, वळमध्ये, आता आपली शेड तेवढी जुनी राहिली आहे. चारही बाजूंनी गोडाऊनं झाली. मी स्वतः पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे, दिवसभर कंटेनर आत आणि बाहेर. आपला जमिनीचा तुकडाही दादाने भाड्याने दिला, दिवाळीनंतर शेड पाडणार आहेत. मला त्याचं काही वाटलं नाही. मला बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नाही, आणि हे आजचं नाही. तू गेलास तेव्हा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ही रडत कशी नाही म्हणून, आणि मी शेजारून आलेला चहा कपांत ओतत होते. धक्का बसलाय, म्हणाल्या. तो अजून उतरला नाही म्हणायचा, नाही तर मी अशीच आहे.

शेड पडणार म्हणजे ट्रक हलवायला हवा. दादाने गिऱ्हाईक शोधलं. मानकोलीच्या पुढे हायवेला एकाचं हॉटेल आहे, त्याला जुना नाकवाला, पुढे लांब बॉनेट असलेला ट्रक दारात उभा करायचाय. हौद्यात टेबलं मांडणार, लोक शिडीने वर चढून जेवणार. त्याची अट एकच, गाडी स्वतःच्या चाकांवर चालत आली पाहिजे. टोचन करून ओढत आणलेली गाडी दारात उभी करणं त्याला अशुभ वाटतं. दादा मला म्हणाला, तू एवढ्या लोकांच्या गाड्या बघतेस, आपली पण बघ. मी बरं म्हटलं. ट्रक मला हवाय असं म्हणता आलं असतं. दादा वाईट नाही, दिलाही असता. पण मला काही हवंय असं तोंडाने म्हणायची सवयच गेली आहे. आपल्या घरात ती कोणालाच नव्हती.

लोकांच्या गाड्या बघते हे खरं. शुक्रवारची सुट्टी मागून घेतली आहे, तुझ्यासारखी. तुमच्या मागांना जुम्म्याची सुट्टी असायची आणि तू आठवडाभर दुसऱ्याचे माग दुरुस्त करून सुट्टीला स्वतःचा ट्रक दुरुस्त करायचास. आई म्हणायची, या माणसाला हात धुतलेले सोसत नाहीत. माझंही तसंच झालं. परवा कामावरच्या एकाची जुनी गाडी आली. थोडी चालली की बंद पडायची, जरा थांबलं की पुन्हा सुरू. पंप बदलून झाला होता, फिल्टर बदलून झाला होता. मी तुझ्यासारखं गाडीला हात न लावता आधी त्याला विचारलं, बंद पडल्यावर तू काय करतोस. म्हणाला, टाकीचं झाकण उघडून डिझेल आहे का बघतो, झाकण लावतो, सेल्फ मारतो. झाकणाचं बारीक भोक मळाने बुजलं होतं, टाकीत हवा जात नव्हती. हा झाकण उघडायचा तेवढीच आत जायची. टाचणीने भोक साफ केलं. तो फार खूश झाला, पेढे घेऊन आला. मी खाल्ले. गोड होते.

पण तुझ्या ट्रकचं बॉनेट मी कधीच उघडलं नव्हतं. तू गेल्यावर दादा एकदा ट्रक विकायचं बोलला होता, तेव्हा आई म्हणाली, त्याचं बाकी राहिलंय ते बाकी राहू दे. ती गेल्यावरही तेच चालू राहिलं. मीही शेडमध्ये बाकीच्या गाड्या लावायचे आणि त्याच्या कडेने जायचे.

सुताचं तुला आठवत असेल. तू कारखान्यातून तुटक्या सुताचा गुंडा खिशात घालून आणायचास. जो नट सैल केला त्याला सूत बांधायचं, आणि घट्ट करताना सूत काढायचं. काढल्याशिवाय पाना बसतच नाही, म्हणून चूक होत नाही. सूत म्हणजे बाकी. एवढं साधं. ऐकू येत नाही, मध्येच कोणी हाक मारली तर विसरायला होतं, म्हणून ही युक्ती, असं तू सांगायचास. हाक तर तुला ऐकूच येत नसे, पण ते मी बोलले नाही.

मी तेव्हा लहान आहे, फ्रॉकमध्ये. खिशात लाल सूत आलंय, लुगड्याच्या काठाचं. तू ट्रकखाली पालथा आहेस आणि मला तो रंग फार आवडलाय. मी पुढच्या चाकाच्या एकेका नटाला लाल गाठ मारते, फुलासारखं दिसायला लागतं. मग मागच्या चाकांनाही. आई जेवायला हाका मारतेय. तू बाहेर येतोस, चाक बघतोस, आणि मला वाटतं आता कौतुक होणार. तू एकेक सूत काढतोस, एकेक नट सैल करतोस, पुन्हा घट्ट करतोस. सगळ्या चाकांचे. भाकरी थंड होते, आई दोनदा येऊन बघून जाते, मी तिथेच उभी. शेवटी हात पुसत तू माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, “तोंडानं काय बी बोल. सुतानं खोटं बोलाचं न्हाय.” ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मी विसरले असते. त्या दिवसापासून सुताचा शब्द घरात शेवटचा झाला, आईलाही आणि दादालाही.

म्हणूनच तर ते चाललं, आबा. तुझं शेवटचं वर्ष. इंजिनात पाणी उतरत होतं, तू इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडून नवीन गॅस्केट टाकत होतास. दादाला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता, ट्रक चालू झाला की विकायचा असं ठरलं होतं, तूच कबूल केलं होतंस. स्वयंपाकघरात आई चुलीवर तांदळाची भाकरी फिरवतेय, सुकटीचा वास भरलाय, आणि ती न बघता विचारते, “झाली का गाडी?” तू पाटावर बसत म्हणतोस, “एक नट बाकी हाय.” पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. दादा एकदा चिडून उठला, शेडमध्ये गेला, बॉनेट उचलून बघून आला आणि गप्प जेवायला बसला. सूत होतं. सूत आहे म्हटल्यावर बोलणार काय? भाताची कापणी चालू असताना तू गेलास, कारखान्यात, पाळी सुरू व्हायच्या आधी, बाकावर बसल्या बसल्या.

तर मी बॉनेट उघडलं. जाळी, उंदराचं घर, गंज. हेडच्या सगळ्या नटांवर धूळ, आणि मागच्या कोपऱ्यातल्या, केबिनच्या पत्र्याला लागून असलेल्या नटाला सूत. मूळचा रंग कळत नव्हता. मला वाटलं, हा तो. हा घट्ट करायचा राहिला आणि हा माणूस गेला. वाईट वाटेल म्हणून मी थोडी थांबले, वाटलं नाही. सूत ब्लेडने कापलं, पाना लावला. नट हलेना. गंजाने धरला असेल असं समजून तेल सोडलं, पुढच्या शुक्रवारी पुन्हा आले, नटावरून खाली हेडवर उतरणारी खडूची एक रेघ मारली, जोर लावून किंचित सैल केला, आणि जोर मोजणारा पाना लावून पुरता आवळला. नटावरची रेघ हेडवरच्या रेघेला येऊन मिळाली. म्हणजे गंज नव्हे. नट आधीच पुरा आवळलेला होता, तुझ्या हाताने, बरोबर जिथे हवा तिथे.

एक सूत खोटं निघालं म्हटल्यावर बाकीच्या नटांवर विश्वास कसा ठेवायचा, तू शिकवलंस ते असंच आहे. मी सगळे नट तसेच तपासले. सगळे घट्ट. आणि सूत असताना पाना बसत नाही. म्हणजे तू नट आवळलास, पाना बाजूला ठेवलास, खिशातून सूत काढलंस आणि पुन्हा बांधलंस. शांतपणे, गाठ नीट मारून.

मग मला तो शुक्रवार आठवला. मी कॉलेजातून लवकर आले होते, आई बाजारात गेलेली. शेडमध्ये तू एकटा स्टुलावर बसलेला, डोळे मिटून. मी जाता जाता बॉनेटवर हात टेकला आणि चटकन काढला. गरम होतं. मी विचारलं, गरम कसं? तू म्हणालास, उन्हानं. आपली शेड पत्र्याची, वरून बंद, ऊन आत येतं कुठे? पण तू बापमाणूस, आणि मी पुढे काही विचारलं नाही. आता कळतं, त्या दिवशी तू ट्रक चालू करून बसला होतास. ऐकू येत नव्हतं तर काय ऐकत होतास, माहीत नाही. ‘मला तो द्यायचा न्हाय’, एवढं एक वाक्य आईला आणि दादाला म्हणायचं होतं. ते म्हणण्यापेक्षा तुला सुताने खोटं बोलणं सोपं गेलं. माझ्या खोट्या सुतापायी तू सगळी चाकं उघडली होतीस, आबा. मला तुझा राग आला. पान्यासकट खाली बसले, इतका आला. बऱ्याच वर्षांनी काहीतरी आलं, म्हणून मी तो येऊ दिला.

त्यानंतर डिझेलच्या नळ्या, बॅटरी, तेल, पाणी. गेल्या शुक्रवारी सकाळी चालू झाला. कान शाबूत असून मी स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून त्याचं टोक इंजिनाला लावलं, तू लावायचास तसं. आवाज दातांतून डोक्यात शिरला. एकसारखा होता. मी बराच वेळ तशीच उभी राहिले, मग बंद केला.

जेवणाच्या सुमारास दादा आला. त्याचं पोट सुटलंय आता, चालणं मात्र तुझं. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहिला.

“गरम कशी?”

मी म्हटलं, “उन्हानं.”

त्याने वर पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग विचारलं, “झाली का गाडी?” आईच्याच सुरात, न बघता.

“एक नट बाकी हाय,” मी म्हटलं. ही बोली माझ्या तोंडात आता नसते. गोडाऊनमध्ये हिंदी, घरी शाळेतली मराठी. ते कुठून आलं ते मलाच कळलं नाही.

दादाने बॉनेट उचललं, वाकून मागच्या कोपऱ्यात बघितलं. सूत होतं, नवीन, पांढरं. बॉनेट हळूच खाली सोडलं. मग त्याने हॉटेलवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, शेठ, दुसरी बघा, हिचं बाकी हाय अजून. फोन खिशात टाकत मला म्हणाला की भिंतीच्या कडेला एका गाडीपुरती जागा सोडायला सांगतो शेड पाडणाऱ्या लोकांना, छप्पर तुझं तू घाल. आणि जेवायला चल म्हणाला. मी गेले. मासे बरे होते.

हे कागद ट्रकच्या पान्यांच्या पेटीत ठेवणार होते, तुझा पत्ता म्हटला तर तोच. पण त्या पेटीत दादा कधीमधी हात घालतो, तेव्हा माझ्याच कपाटात राहतील. एक सांगायचं राहिलं. दादा यायच्या आधी सूत परत बांधायला गेले तर मला ते जमेना. गाठ जमत होती, पण घट्ट नटाला बांधायला हात पुढे होईना. तुला कसं जमलं कोण जाणे. शेवटी पाना लावून नट अर्धा फेरा सैल केला आणि मग बांधलं. तोंडाने मी दादाशी खोटं बोलले. नट मात्र खरंच बाकी आहे.