मरियमचं गाणं

शुक्रवार, १० एप्रिल १९६४
तेल कंपनीचा कॅम्प, अबुधाबी

आमचा अमेरिकन ड्रिलर जॉन आज मेसमध्ये बँजो घेऊन बसला. त्याच्या डोंगरातल्या गावची रीत अशी, की गाणं ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव आधी घ्यायचं, मग वाजवायचं. मी आईचं हळदीचं गाणं म्हटलं. त्याने ते लगेच तारांवर धरलं आणि विचारलं, "नाव?"

खानसामा कासमभाई डोळे वटारून म्हणाले, "पुरुषमाणसांत आईचं नाव घेतोस?"

का नको? गाणं तिचंच ना? घेतलं. मरियम!

"मरियम!" जॉन ओरडला. मागोमाग सगळे ओरडले. कासमभाईंचं तोंड अजून वाकडं आहे. असू दे.

अब्बांनी तिला जन्मात नावाने हाक मारली नाही. आज अख्ख्या कॅम्पने मारली.